तेजस्विनी पागनीस, बारावी पास

बापूंना अर्धांगाचा झटका आला त्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, तेजस्विनी आमच्या घरी पहिल्यांदा आली. बापू म्हणजे माझे वडील. वीज मंडळातून रिटायर झालेले, आयुष्यभर स्वतःचा चहा स्वतः करून पिणारे, आणि आता उजवा हात, उजवा पाय आणि निम्मी वाचा गेलेले. मी बँकेत नोकरीला. लग्न केलं नाही, भावंड नाही, आई जाऊन सात वर्षं झालेली. उज्जैनला माधव नगरच्या घरात आम्ही दोघंच. मी बँकेत असताना बापूंजवळ थांबेल असं कुणीतरी हवं होतं, आणि फ्रीगंजच्या एका नर्सिंग होमच्या सिस्टरनं हिचा नंबर दिला होता.

तिनं दारात चप्पल काढली, आधी हात धुतले आणि मग बापूंच्या पलंगाशी उभी न राहता खाली जमिनीवर बसली, त्यांना मान न वळवता चेहरा दिसेल अशी.

"काका, मी तेजस्विनी. पागनीसांकडची. काही दुखलं, काही नको असलं, तर डाव्या हातानं माझा हात धरा. मी थांबून जाईन."

तीन आठवड्यांत बापूंनी पहिल्यांदाच कुणाकडे सरळ बघितलं.

मला बँकेची सवय. मी विचारलं, "शिक्षण किती झालंय?"

"बारावी पास. आर्ट्स."

"नर्सिंगचा काही कोर्स?"

"नाही ताई. करता करता शिकले."

"घरी कोण कोण आहे?"

"सासूबाई आणि मुलगी. ऋता. नऊ वर्षांची आहे."

"आणि मिस्टर?"

ती चादरीचं टोक गादीखाली खोचत होती. ते नीट खोचून झाल्यावर म्हणाली, "ते नसतात."

'नाहीत' म्हणाली असती तर मी पुढे काही विचारलं नसतं. 'नसतात' म्हणाली, म्हणून मला वाटलं बाहेरगावी नोकरी असेल. मी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशीपासून ये म्हणून सांगितलं.

खरी गोष्ट मला पुढच्या काही महिन्यांत कळली, तीही तुकड्यातुकड्यानं. मी बँकेतून आले की आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून चहा घ्यायचो. बापूंनी दिवसभरात काय खाल्लं, किती वेळ बसले, हे सांगून झालं की कधी कधी ती आपलं थोडं सांगायची.

तिचा नवरा हर्षल औषधांच्या एका होलसेलरकडे कॉम्प्युटरवर बिलं बनवायचा. शांत माणूस. नानाखेड्याला हाउसिंग बोर्डाचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता, सासूच्या, विजयाबाईंच्या नावावर. दोन हजार सोळाच्या सिंहस्थात उज्जैनमधलं प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या सेवेत होतं. कुणी पाणी वाटत होतं, कुणी नातेवाइकांना सांभाळत होतं. हर्षल नदीपलीकडे एका आखाड्याच्या तंबूत पंगत वाढायला जायला लागला. आधी फक्त संध्याकाळी, मग सुटीचा पूर्ण दिवस, मग नोकरी सोडून रोजच. तेजस्विनीला वाटलं, महिन्याभराचं वेड आहे, मेळा उठला की उतरेल.

मेळा उठला. तंबू सोडायला लागले त्या दिवशी दुपारी हर्षल घरी आला. डोकं तुळतुळीत केलेलं. आंघोळ केली, खुर्चीत बसला. चार वर्षांची ऋता वरणभात खात होती, तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. तेजस्विनी गच्चीवर कपडे काढायला गेली होती. त्यानं फ्रिजवर मोबाइल, गाडीची किल्ली आणि एटीएमचं कार्ड ठेवलं आणि आईला म्हणाला, "आई, मी निघतो."

विजयाबाई म्हणाल्या, "येताना कोथिंबीर आण."

त्यानं "हो" म्हटलं, असं त्या अजूनही सांगतात.

आठवड्यानंतर रामघाटावरचे पागनीसांचे गुरुजी घरी आले. आखाड्यात दीक्षेच्या विधीला बसलेल्या रांगेत त्यांनी हर्षलला बघितलं होतं. त्यानं वडिलांना पिंड दिला, आजोबा-पणजोबांना दिला आणि शेवटी एक स्वतःला. संन्यास घेणारा माणूस जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध उरकून मोकळा होतो, ही माहिती तेजस्विनीला त्या दिवशी झाली. विजयाबाईंना ती पटली नाही. "गुरुजींना मोतीबिंदू आहे," त्या म्हणाल्या. "त्यानं बापाचंच केलं असेल."

तेव्हा तेजस्विनी अठ्ठावीस वर्षांची होती. विसाव्या वर्षी लग्न झालं तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षात होती, ते तिथेच सुटलेलं. माहेर देवासला. वडील नव्हते, एक भाऊ सुमीत, त्याचाच संसार ओढाताणीचा. नानाखेड्याला निदान छप्पर होतं, आणि सासू मुलीला बघायला होती.

आधी ती घरी साड्यांना फॉल लावायची. त्यानं भाजी यायची, शाळेची फी निघायची नाही. मग सतीगेटच्या बाजूला एका साडीच्या दुकानात काउंटरवर उभी राहिली. मालक भला होता, पण दुकान रात्री नऊला बंद व्हायचं आणि सणासुदीला रविवारची सुटीही नाही. ती घरी पोचायची तेव्हा ऋता झोपलेली असायची. एक दिवस ऋताच्या शाळेत 'माझी आई' असा निबंध दिला. ऋतानं लिहिलं, माझी आई सकाळी असते. तेजस्विनीनं त्या महिन्याअखेरीस दुकान सोडलं.

मग महाकालच्या बाजूच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर लागली. दिवसाची ड्यूटी, बसून काम, कॉम्प्युटर थोडा येत होता. आठव्या दिवशी एका गिऱ्हाइकानं किल्ली घेताना तिचं मनगट धरलं आणि सोडलं नाही. तिनं मालकाला सांगितलं. मालक म्हणाला, "मॅडम, हँस के टाल दिया करो।" ती नवव्या दिवशी गेली नाही.

त्यानंतर बस स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरायचं एक दुकान होतं, तिथे ती दोन वर्षं टिकली. हे तिला आवडलं होतं. पटवारी, पोलीस, शिक्षक, अंगणवाडी, रेल्वे, सगळ्यांचे फॉर्म ती भरायची. कुठल्या पोस्टला काय शिक्षण, किती वय, कुठला कागद, तिला तोंडपाठ होतं. मुलं रांगेत उभी राहून तिलाच विचारायची, दीदी, मेरा इसमें होगा क्या? ती फॉर्म न उघडताच सांगायची, होईल किंवा नाही.

मी तिला सांगितलं होतं, अगदी पहिल्याच महिन्यात. शिकलेल्या माणसाला सल्ला द्यायला किती सोपं असतं. "बाहेरून बी.ए. का करत नाहीस? दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे."

ती कप विसळत होती. "ताई, प्यूनच्या पोस्टचे फॉर्म भरले ना मी, त्यात एम.ए. वाले होते. इंजिनिअर होते. बी.ए. करून मी त्यांच्या मागे उभी राहीन, एवढंच. मला असं काहीतरी पाहिजे जे माझ्या हातात आहे आणि त्याचा कागद मिळेल."

लॉकडाउनमध्ये दुकान बंद पडलं. दुकानदाराची आई त्याच काळात खाटेला खिळली आणि घरी यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा तेजस्विनी गेली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून कुशी कशी बदलायची, नळीतून जेवण कसं द्यायचं, लघवीची पिशवी कशी बघायची, हे तिला नर्सिंग होमच्या सिस्टरनं फोनवर शिकवलं. म्हातारी चौदा महिने जगली, पाठीवर एक ओरखडा नव्हता. तिथून ती या कामात आली. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. ऋता शाळेतून आली की आजीजवळ, आणि संध्याकाळी आई घरात.

बापूंना तिनं काय दिलं ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांचा उजवा हात तिनं रोज दोनदा, अर्धा अर्धा तास चोळला. पेपर वाचून दाखवायची आणि मुद्दाम चुकीचं वाचायची. मग बापू चिडून डाव्या हातानं पलंगावर थापटी मारायचे आणि तोंडातून काहीतरी शब्द काढायचे. चार महिन्यांनी त्या शब्दांना आकार आला. पहिला स्पष्ट शब्द होता 'खोटं'. दुसरा 'तेजू'. माझं नाव त्यांना शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. 'अ' म्हणून थांबायचे. मला याचं वाईट वाटायचं आणि वाईट वाटतं म्हणून लाजही वाटायची.

दोन हजार बावीसच्या पावसाळ्यात ती एक छापील कागद घेऊन आली. सरकारी योजनेतून रुग्णसेवेचा कोर्स सुरू होणार होता. बारावी पास चालेल, वय पस्तीसच्या आत, सहा महिने पूर्णवेळ, शेवटी सर्टिफिकेट आणि मोठ्या हॉस्पिटलात नोकरीची खात्री. तिला चौतीस पूर्ण झालेले होते.

"ताई, हे माझंच आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात असा उत्साह मी कधी ऐकला नव्हता. "सहा महिने सकाळी नऊ ते पाच. मी एक दुसरी बाई बघून देते काकांसाठी. तिला शिकवून जाईन. आणि रोज संध्याकाळी मी येऊन कुशी बदलून जाईन."

माझ्या बँकेत तेव्हा बदल्यांचे दिवस होते. बापूंनी नुकतं आधार घेऊन उभं राहायला सुरुवात केली होती. मी त्या कागदाकडे बघितलं आणि एकच वाक्य बोलले.

"मग बापूंचं काय?"

आवाज चढवला नाही, रागावले नाही. नको जाऊस असंही म्हटलं नाही. एवढंच विचारलं.  तिनं कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. "बरोबर आहे," म्हणाली, "आत्ता नको. पुढच्या बॅचला बघू."

मी तिचा पगार वाढवला. त्या वेळी मला वाटलं, मी योग्य वागले.

पुढची बॅच निघाली नाही.

दुसऱ्या वर्षी अंगणवाडीच्या जागा निघाल्या, त्यांच्याच वॉर्डात. घरापासून पाच मिनिटं. बारावी चालत होती. विधवा, परित्यक्ता, तलाकशुदा बायकांना जादा गुण होते, पण नवऱ्यानं टाकलेल्या बाईलाही कोर्टाचा कागद दाखवावा लागत होता. इतकी वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म भरणारी बाई स्वतःचा फॉर्म समोर ठेवून माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसली आणि वैवाहिक स्थितीपाशी अडली.

मी तिला आमच्या बँकेचं काम बघणाऱ्या दिलीप तिवारी वकिलांकडे घेऊन गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "सात साल हो गए ना? सात साल कोई खबर न हो तो कोर्ट मृत मान लेता है। एफिडेविट दीजिए कि कोई खबर नहीं।"

तेजस्विनी म्हणाली, "खबर तो है। दो हजार उन्नीस में मेरे भाई ने ओंकारेश्वर में देखा था।"

"बात हुई?"

"नहीं। पहचान नहीं दी। पर वही थे।"

"तो भाई को गलतफहमी हुई होगी। आपको किसने कहा बताने को?"

"पर मुझे मालूम है ना, भाईसाहब।"

वकिलांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी दुसरा मार्ग सांगितला. नवऱ्यानं संन्यास घेतला या कारणावर घटस्फोट मिळतो. पेपरात नोटीस द्यायची, वर्ष-दीड वर्षात होऊन जाईल. त्या संध्याकाळी तिनं सासूला विचारलं. विजयाबाई डाळ निवडत होत्या. म्हणाल्या, "माझ्या घरात राहून माझ्या मुलावर केस करशील? तो आला आणि त्यानं विचारलं तर मी काय सांगू?"

त्या वाईट नव्हत्या, हे मला इथे सांगायलाच हवं. सात वर्षं त्यांनी ऋताला न्हाऊ-माखू घातलं होतं, गुडघे धरून शाळेच्या बसपर्यंत सोडलं होतं. त्या नसत्या तर तेजस्विनी घराबाहेर पडूच शकली नसती. आणि त्या होत्या म्हणून तिला पुढे जाता येत नव्हतं. तेजस्विनीनं फॉर्ममध्ये 'विवाहित' लिहिलं. यादी लागली तेव्हा तिचं नाव खाली होतं, वेटिंगमध्ये.

बापू दोन हजार चोवीसच्या मे महिन्यात गेले, दुपारी, तिचा हात डाव्या हातात धरून. मी बँकेतून धावत आले तेव्हा ती त्यांचा चेहरा ओल्या फडक्यानं पुसत होती. हनुवटी बांधली होती, डोळे मिटले होते. "झोपले, ताई," म्हणाली, आणि मग भिंतीकडे तोंड करून रडली.

दिवस झाल्यावर मी पहिलं काम त्या कोर्सची चौकशी करण्याचं केलं. चार ठिकाणी फोन केले. सगळीकडे एकच प्रश्न, उम्र? छत्तीस. नहीं मैडम. एका बाईंनी समजावून सांगितलं की वयात सूट आहे, पण ती विधवांना. मी फोन ठेवला. अडीच वर्षांहून जास्त तिनं माझ्या वडिलांना दिली होती, आणि त्यातले सहा महिने मी तिला परत दिले नव्हते. मी तिला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "जाऊ द्या ना ताई. काका उभे राहिले होते तेव्हा." मला ते ऐकून बरं वाटायला हवं होतं.

ती दुसरीकडे कामाला लागली, ऋषी नगरला एका आजींकडे. आमचं बोलणं चालू राहिलं. रविवारी कधी ती ऋताला घेऊन यायची. ऋता उंच होत होती, बोलणं कमी होत होतं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत नानाखेड्याच्या फ्लॅटची बेल वाजली. दारात भगव्या कपड्यातला एक तरुण सेवक होता. पागनीस इथेच राहतात का? शहरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात त्यांच्या आश्रमाचे स्वामी निर्वेदपुरी महाराज भरती होते. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. बेशुद्धीत दोन-तीनदा नानाखेड्याचं नाव घेतलं होतं, 'पागनीस' असंही म्हणाले होते. "माताजी, डॉक्टर कह रहे हैं, कोई घर का पास बैठे तो अच्छा।"

विजयाबाई चप्पल न घालताच जिन्याकडे निघाल्या.

दवाखान्यात त्यांनी मुलाला ओळखलं, पण त्यानं हात जोडून "नारायण, माताजी" म्हटलं, जसं कुणाही बाईला म्हणाला असता. विजयाबाई पलंगाच्या कडेला बसल्या. सुजलेल्या पायांवरून हात फिरवत म्हणाल्या, "हर्षा, जेवलास का रे?" त्यानं डोळे मिटून घेतले. त्या पुन्हा दवाखान्यात गेल्या नाहीत. घरी येऊन झोपून राहिल्या.

गेली ती तेजस्विनी. ऋषी नगरच्या आजींकडून सुटी घेऊन अकरा दिवस. रोज सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, तिच्या नेहमीच्या वेळा. तिनं त्याला पुसलं, कुशी बदलल्या, तोंडाला कापसानं पाणी लावलं, वेणीफणी करावी तशा जटा सोडवून धुतल्या.

"पेशंटसारखंच केलं, ताई," तिनं मला सांगितलं. "दुसरं काही मनात आणलं असतं तर हात चालले नसते."

ऋता जायला तयार नव्हती. तेरा वर्षांच्या मुलीनं आईला विचारलं, "बाकीच्यांचे पैसे घेतेस तसे त्यांचे घेतेस का?"

"नाही."

"मग का जातेस?"

"मला येतं म्हणून," तेजस्विनी म्हणाली. 

आठव्या दिवशी दुपारी तो शुद्धीवर होता. तिच्याकडे बराच वेळ बघत होता. मग हळूच, मराठीत म्हणाला, "कितवीत आहे?"

"आठवीत."

"गणित येतं?"

"नाही. चित्रं काढते. दिवसभर."

त्याचे ओठ हलले. "माझ्यावर गेली."

"बस, एवढंच," तेजस्विनी मला सांगत होती. आम्ही माझ्या स्वयंपाकघरातच उभ्या होतो. "जवळजवळ नऊ वर्षांत एवढंच बोलले. मला खूप विचारायचं होतं, ताई. मी पाठ करून ठेवलं होतं सगळं. पण तेवढ्यात सलाइन संपत आली, मी सिस्टरला बोलवायला गेले. आले तर डोळे मिटलेले."

त्यानंतर तो बोलला नाही. अकराव्या दिवशी सकाळी ती पोचली तेव्हा आश्रमाची जीप फाटकाशी उभी होती. तो तासाभरापूर्वी गेला होता. सेवकांनी त्याला मांडी घालून बसवलं होतं, गळ्यात झेंडूचे हार घातले होते. ओंकारेश्वरच्या रस्त्यावर आश्रमाच्या जागेत समाधी देणार होते. तिथे बायकांना येता येणार नव्हतं. जीप निघताना एका वयस्कर साधूनं तिच्या हातावर साखरफुटाणे ठेवले आणि अगदी मनापासून म्हणाला, "बेटी, आपने बड़ी सेवा की। किस संस्था से हैं आप?"

तिनं सांगितलं, "प्राइवेट।"

घरी आल्यावर विजयाबाईंनी गुरुजींना फोन लावला. सुतक किती दिवस? गुरुजी म्हणाले, संन्याशाचं सुतक नसतं. त्याचं श्राद्ध नऊ वर्षांपूर्वीच झालंय. आंघोळ करा, देवाला दिवा लावा. म्हणजे दहावं नाही, तेरावं नाही, कुणी भेटायला येणार नाही. दोघींनी आंघोळी केल्या. विजयाबाईंनी स्वयंपाक केला, कारण ऋताचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. तेजस्विनी तिसऱ्या दिवशी ऋषी नगरला कामावर हजर झाली.

पुढचं मीच सुचवलं होतं, म्हणून त्याचा भारही माझ्यावर आहे. मी म्हटलं, आता मृत्यूचा दाखला तरी मिळेल. आता तू विधवा आहेस. हा शब्द मी आशेनं उच्चारला, हे आठवलं की मला स्वतःची भीती वाटते. आम्ही दोघी दाखला आणायला गेलो. खिडकीतून कागद आला. नाव, स्वामी निर्वेदपुरी. वडिलांच्या जागी गुरूंचं नाव. पत्ता आश्रमाचा. आधार कार्डावर तसंच होतं, त्यांनी तसंच लिहिलं. तेजस्विनीनं कागद दोनदा वाचला. जिच्या आयुष्यातली वर्षं फॉर्म वाचण्यात गेली तिला समजावून सांगावं लागलं नाही. कागदावर हा माणूस तिचा कुणी नव्हता. हर्षल पागनीस अजून जिवंत होता आणि ती त्याची बायको होती.

तिवारी वकील म्हणाले, निर्वेदपुरी म्हणजेच हर्षल हे कोर्टात सिद्ध करावं लागेल. साक्षीदार म्हणून आई लागेल. विजयाबाई या वेळी नाही म्हणाल्या नाहीत. "कर तुला काय करायचं ते," म्हणाल्या, "मी येईन." पहिल्या तारखेला त्या ई-रिक्शातून कोर्टात गेल्या, लाकडी बाकावर तीन तास बसल्या. तारीख पुढे गेली. आणखी दोन तारखा झाल्या. आश्रमाला नोटीस गेली आहे, उत्तर आलेलं नाही. विजयाबाईंना आता जिना उतरवत नाही.

ऋतानं एकदाच विचारलं, त्यांनी माझ्याबद्दल काही म्हटलं का? तेजस्विनीनं सांगितलं. ऋतानं त्यानंतर काही महिने चित्रं काढली नाहीत. आता परत काढते, पण आईला दाखवत नाही.

या जानेवारीत फ्रीगंजच्या त्याच नर्सिंग होमनं रुग्णसेवा शिकणाऱ्या मुलींची छोटी बॅच सुरू केली. शिकवायला तेजस्विनीला बोलावलं, कारण तिच्याइतकं कुणाला येत नाही. आठवड्यातून दोन दिवस दुपारी ऋषी नगरच्या आजींची मुलगी तिला सुटी देते. शेवटी मुलींना सर्टिफिकेट मिळतं, पण त्यावर सही एका नव्या सिस्टरची असते. ती दोन वर्षांपूर्वी पास झालेली आहे. तेजस्विनीला सही करता येत नाही, तिच्याकडे स्वतःचंच सर्टिफिकेट नाही.

मी एक दिवस बँकेतून लवकर सुटून बघायला गेले. सहा मुली होत्या. एक पलंगावर पेशंट होऊन पडलेली, बाकीच्या भोवती. तेजस्विनी दाखवत होती, हात खांद्याखाली कुठे घालायचा, आपला गुडघा पलंगाला कसा टेकवायचा म्हणजे कंबर धरत नाही. त्यातली एक, मृणाल, विशीची असेल. कॉलेज पहिल्या वर्षात सुटलेलं, दीड वर्षाचा मुलगा आईकडे ठेवून येत होती. नवऱ्याबद्दल कुणी बोललं नाही. तिनं मधेच विचारलं, "मॅडम, यात पुढे काय आहे?"

बाकीच्या मुली हसल्या. तेजस्विनी हसली नाही. मला वाटलं ती काहीतरी धीर देणारं बोलेल. मी असते तर बोलले असते.

"पोट भरतं," ती म्हणाली.

"आणि?"

"मूल मोठं होतं."

मृणाल तिच्याकडे बघत राहिली, आणखी काही येईल म्हणून. तेजस्विनीनं पलंगावरची उशी उचलून तिच्या हातात दिली.

"चल, आता तू कर. आधी पेशंटला सांग तू काय करणार आहेस. न सांगता हात लावायचा नाही."